रात्री कोण जागे असते, ते आधी विचारा

ब्रिस्टल, रविवार

ती. काकांस साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचे पत्र मिळाले. आत्याला साताऱ्याजवळच्या त्या लहान वृद्धाश्रमात ठेवण्याचा विचार तुम्ही आणि काकू किती जड मनाने करत आहात, हे ओळीओळीतून कळले. काकूंचे गुडघे पाहता आत्याला रात्रीतून दोनतीनदा उठवून न्हाणीघरापर्यंत नेणे आता तुम्हा दोघांना झेपणारे नाही, आणि त्यात अपराधी वाटून घेण्यासारखे काही नाही, असे मला मनापासून वाटते. जागा स्वच्छ आहे, माणसे गोड बोलतात, पण विश्वास कशावर ठेवायचा, असे तुम्ही विचारले आहे. मी 2022 पासून इथे 18 वृद्धांच्या एका केअर होममध्ये काम करते, तेव्हा रोज जे पाहते त्यावरूनच लिहिते.

सर्वांत आधी रात्रीची चौकशी करा. आमच्यासारख्या लहान घरात नर्स नसते. इन्सुलिन द्यायला किंवा जखमेची पट्टी बदलायला सरकारी आरोग्यसेवेची नर्स बाहेरून येते आणि बाकी सगळे आम्ही करतो. रात्री आम्ही दोघी असतो, एक पूर्ण जागी आणि दुसरी हाक मारली की उठेल अशी त्याच इमारतीत झोपलेली. घर लहान असल्याचा मोठा फायदा म्हणजे कुणाला चहात किती साखर लागते इथपासून कोण कोणत्या वेळी घाबरून उठते इथपर्यंत सगळे सगळ्यांना ठाऊक असते. पण हे ज्ञान डोक्यातच राहिले, कागदावर उतरले नाही, तर एक जण आजारी पडून तिच्या जागी नवखी बाई आली, की त्या रात्री सगळेच अधांतरी होते. तुम्ही पाहिलेल्या आश्रमात रात्री कोण जागे असते, आणि ती व्यक्ती आली नाही तर कोण येते, हे नावानिशी विचारा.

आता एक गोष्ट सांगते, जी मी आईलाही सांगितलेली नाही. गेल्या वर्षी रात्रीची औषधे देताना माझ्या हातून चूक झाली. आमच्याकडे एकाच नावाच्या दोन आजी आहेत. औषधांच्या गाडीपाशी उभी असताना फोन वाजला, तो मी घेतला, आणि परत वळून एकीची रक्तदाबाची गोळी दुसरीला दिली. तक्त्यावर सही करायला गेले तेव्हा ते लक्षात आले आणि पायांतले बळच गेले. तरी लगेच मॅनेजरबाईंना फोन केला, आरोग्यसेवेच्या 111 या क्रमांकावर डॉक्टरांचा सल्ला घेतला, सकाळपर्यंत त्या आजींचा रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजला आणि त्यांच्या मुलीला त्याच रात्री कळवून माफी मागितली. आजींना काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की त्या वेळी नेमके काय चालले होते? त्यातून फोनचे कारण निघाले. तेव्हापासून औषधे देणारी व्यक्ती 'माझ्याशी बोलू नका' असे लिहिलेला लाल अॅप्रन घालते, फोन दुसरीकडे असतो, आणि प्रत्येक तक्त्यावर त्या त्या व्यक्तीचा फोटो आहे. चुकीमुळे कुणाला गंभीर इजा झाली, तर ती घरच्यांना सांगून माफी मागणे इथे कायद्यानेच बंधनकारक आहे.

म्हणून त्या आश्रमात अलीकडे कोण पडले, कोणाचे औषध चुकले आणि ते कुठे नोंदले आहे, हे जरूर विचारा. या वयात माणसे पडतात. 'आमच्याकडे कुणी पडतच नाही' असे उत्तर आले, तर तिथे नोंद ठेवत नाहीत असेच मी समजेन.

इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही नियामक संस्था तपासणी करते, बहुतेक वेळा न कळवता. काळजी सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, मायेने केली जाते का, माणसागणिक तिच्यात बदल होतो का आणि कारभार नीट चालतो का, असे पाच प्रश्न त्यांच्यापुढे असतात. मिळालेली श्रेणी लोकांना दिसेल अशी लावावी लागते. आमच्याकडे आलेल्या तपासनीस बाई जेवणाच्या खोलीत कोपऱ्यात बसून नुसत्या पाहत होत्या: घास भरवणारी व्यक्ती खाली बसते की उभ्यानेच भरवते, आजोबांशी बोलते की त्यांच्या डोक्यावरून दुसरीशी. आपल्याकडे अशी श्रेणी दारावर वाचायला मिळत नाही, तेव्हा तुम्हालाच तसे बसावे लागेल. न कळवता, संध्याकाळी सातनंतर जा.

अंथरुणाला खिळलेल्या कुणाच्या टाचा पाहता आल्या तर पाहा. दाबूनही न मावळणारा लाल डाग ही बेडसोअरची सुरुवात असते. आंघोळीचे पाणी कोण, कशाने पाहते तेही विचारा. आमच्याकडे टबात पाणी 44 अंशांच्या वर जाऊ देत नाहीत आणि थर्मामीटर बुडवल्याशिवाय कुणाला आत उतरवत नाहीत. बादलीत आधी कढत पाणी काढून मग विसण घालण्याची आपली सवय म्हाताऱ्या, पातळ कातडीला धोक्याची आहे. पाण्याचे तांबे हाताशी आहेत का, हेही बघा, कारण रात्री उठावे लागू नये म्हणून वृद्ध माणसे पाणी पिणेच टाळतात आणि मग अचानक भ्रमिष्टासारखी बोलू लागतात.

रात्री लोखंडी जाळीला कुलूप लावतात असे तुम्ही लिहिले आहे. किल्ली कोणाकडे असते? स्कॉटलंडमध्ये जानेवारी 2004 मध्ये एका केअर होमला पहाटे आग लागून 14 वृद्ध दगावले, त्याची आठवण आम्हाला अजूनही करून देतात. आमच्याकडे प्रत्येकाला बाहेर कसे काढायचे, याचा स्वतंत्र कागद असतो.

काकूंना एक विनंती सांगा. आत्याचा दिवस एका कागदावर लिहून काढा: थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या आधी, पहाटे चारला जाग येऊन ती देवघराकडे निघते, तेव्हा दिवा हवा, उजव्या कानाने कमी ऐकू येते, भाकरी दुधात कुसकरून. ठेवायचे ठरलेच तर तो कागद तिच्या पलंगाशी लावायला सांगा आणि तो कोणी वाचला, हे आठ दिवसांनी जाऊन पाहा. माझी या आठवड्यात रात्रपाळी आहे, तेव्हा तुमच्या दुपारी एकनंतर फोन केलात तर मी मोकळी असेन. आत्याला माझा नमस्कार सांगा.

तुमची पुतणी