चटणी अर्धाच किलो पाठवतोय

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "पप्पा, माझ्याकडची फाइल त्याच दिवशी पुढं जाते, तरी दाखल्याला ३ आठवडे लागतात आणि लोक मलाच बोलतात." मी "शिकशील हळूहळू" म्हणून फोन ठेवला. ते काही बरं केलं नाही.

एक कर. एकाच अर्जाचा माग काढ. कुठल्या टेबलावर किती दिवस पडला, शेऱ्यांखालच्या तारखा बघून वहीत लिही. काम मिनिटांचं निघेल, पडून राहणं दिवसांचं.

शिरोलीच्या फौंड्रीत मी मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे करायला होतो, तेव्हा फेटलिंगपुढं, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करतात तिथं, कास्टिंगचा ढीग लागला की माझी छाती फुगायची. एकदा त्या ढिगातला माल मशीन शॉपला गेला आणि पहिल्याच कटला ब्लो होल, म्हणजे आत वायूची पोकळी. वाळूत ओल जास्त झालेली. तोवर त्याच वाळूत ४ दिवसांचं ओतकाम उरकलेलं! सगळं परत भट्टीत. ढीग नसता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. टोयोटाच्या ताइची ओहनोंनी वाया जाण्याचे ७ प्रकार सांगितले, त्यात गरजेपेक्षा जास्त माल काढणं सगळ्यांत वाईट मानलं. मला ते नुकसान करूनच पटलं.

त्याच टोयोटाच्या घराण्यातल्या साकिची टोयोडांचा १९२४ चा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. इचलकरंजीच्या मामाला विचार, खराब कापड विणत बसण्यापेक्षा थांबलेला माग परवडतो. तुमच्याकडं अपुरा अर्ज खिडकीवरच थांबवा, चौथ्या टेबलावर कागद कमी निघाला तर काय उपयोग?

गंगावेशीतला दूधकट्टा आठवतो? गिऱ्हाईक आलं की म्हशीची धार काढायची. टोयोटाची कानबान पद्धतही तेच, पुढच्यानं मागितलं की मागच्यानं बनवायचं. ओहनोंना हे अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचलं म्हणे. इकडं आले असते तर वर फेसाळ दूध मिळालं असतं.

साहेबांना मात्र शिकवायला जाऊ नकोस, नुसती वही दाखव. आणि वाया जाणं कमी करायच्या या पद्धतीला 'लीन' म्हणतात, पण 'लीन' म्हणजे माणसं कमी करणं असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. एका मालकानं तसं केलेलं मी पाहिलंय. उरलेल्या पोरांनी सुधारणा सुचवायचीच बंद केली. कोण स्वतःची नोकरी घालवेल?

घरात माझं काही चालत नाही. आईच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, तर २ दिवस बोलली नाही. तिला अंधारातही जिरं सापडतं.

सोबत कांदा-लसूण चटणी आहे. आई २ किलो म्हणत होती, मी अर्धाच किलो भरलाय. बरणी तळाला आली की फोन कर.

तुझे,
पप्पा