जुनी बंदूक कृपया घासू नका

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तूंच्या संग्रहावर लेख होता, त्यातला बंदुकीचा चौकोन वाचला आणि दोन दिवस गप्प बसलो, पण राहवेना म्हणून लिहितोय. त्यात सल्ला दिलाय की जुनी लष्करी रायफल घेताना ती चकचकीत आहे का, लाकूड नव्यासारखं आहे का आणि विकणाऱ्याकडे सर्टिफिकेट आहे का ते बघा. साहेब, पहिल्या दोन गोष्टी तर चक्क उलट्या आहेत, आणि सर्टिफिकेटचं काय, कुणीही छापतं. वर फोटो काय, तर "१८५७ च्या बंडातली एनफिल्ड", वाड्याच्या ओसरीवर ठेवलेली, दसऱ्याला समई घासावी तसं पितळ घासलेलं.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. पिंपरीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३४ वर्षं फिटर होतो. पण कानस कुठल्या दिशेने चाललीय, पंच एका ठोक्यात बसलाय का दोन, भोक मशीनवर मारलंय का हाताने, एवढं मला चष्म्याशिवाय कळतं, आणि बंदूक म्हणजे शेवटी लोखंडाचा जॉबच की.

नाद लागला तो रिटायर झाल्यावर. मुलगा इंग्लंडात लीड्सला असतो, आम्ही दोघं सहा महिने त्याच्याकडे होतो. त्या गावात रॉयल आर्मरीज म्हणून शस्त्रांचं मोठं म्युझियम आहे, तिकीट नाही, बाहेर कायम पाऊस, मग मी रोज तिथेच. चिरंजीवांना दिवाणखान्यात लावायला एक मार्टिनी-हेन्री हवी होती. ही १८७१ साली ब्रिटिश फौजेत आलेली, एका वेळी एकच काडतूस घालायची रायफल, खालचा लिव्हर ओढला की आतला ठोकळा खाली झुकतो आणि मागचं तोंड उघडतं. आफ्रिकेतल्या झुलू युद्धात हीच होती, आणि १८९७ मध्ये सारागढीला २१ शिखांनी जी चौकी शेवटपर्यंत लढवली त्यांच्या हातातही हीच. आपल्या लोकांना ती उशिरा मिळाली म्हणा. १८५७ नंतर साहेबाचा नियमच होता, गोऱ्याच्या हातात नवीन हत्यार आलं की त्याचं जुनं हिंदी शिपायाला.

तर एका रविवारी जुन्या हत्यारांच्या बाजारात गेलो. पहिल्याच टेबलावर एक मार्टिनी, आरशासारखी. उजव्या बाजूला मुकुट, खाली व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी, खाली एनफिल्ड म्हणजे त्यांच्या सरकारी कारखान्याचं नाव, खाली साल १९०७. मुलगा खुश, पाकीट काढायला लागला. म्हटलं थांब बाबा. राणी वारली २२ जानेवारी १९०१ ला, मग सहा वर्षांनी हा शिक्का काय तिच्या भुताने मारला का? मग नीट बघितलं तर एनफिल्डमधला पहिला एन उलटा, आरशात दिसतो तसा, अक्षरं एका रेषेत नाहीत, प्रत्येक अक्षर सुटं ठोकलेलं, आणि मुकुट तर छिन्नीने कोरलेला. सरकारी कारखान्यात असले शिक्के तयार डायने एकदम बसतात. ही सरहद्दीवरच्या पठाण कारागिरांची नक्कल होती, खैबरखिंडीच्या बाजूला दऱ्यात लोक शंभर वर्षांहून जास्त काळ घरात बसून कानशीवर अशा बंदुका करतायत. हात त्यांचा काय हात आहे हो, मला तर नमस्कार करावासा वाटला, त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं म्हणून एन उलटा पडला, बाकी डोळ्याने बघून एवढं जमवणं म्हणजे खायचं काम नाही. पण त्या कशाकशाचं लोखंड वितळवून केलेल्या, कुठे ब्रेझिंग म्हणजे पितळेने सांधलेल्या, ते काही उडवायच्या लायकीचं नाही, आणि भाव अस्सल एनफिल्डचा लावायचा ही लबाडी. नक्कल म्हणून, नकलेच्या भावात कुणी घेतली तर माझं काही म्हणणं नाही.

आता घासण्याबद्दल, कारण माझा खरा राग तिथे आहे. जुन्या लोखंडावर जो तपकिरी-काळा थर येतो ना, तीच त्याची जन्मपत्रिका. बफिंग व्हीलवर धरली की धारदार कडा गोल होतात, शिक्के पुसट होतात, मग त्यावर नवीन ब्लूइंग, म्हणजे निळसर काळा थर चढवला की फोटोत छान दिसते पण जाणकार माणूस निम्मा भावही देत नाही. लाकडाचं तसंच. दस्त्याच्या, म्हणजे मागच्या लाकडी भागाच्या उजव्या अंगाला कारखान्याचा गोल ठसा असतो, पॉलिश पेपर मारला की तो पहिला जातो. बोट फिरवून बघा, लाकूड आणि लोखंड जिथे भेटतं तिथे लाकूड किंचित वर असायला पाहिजे, ते लोखंडाच्या खाली बसलं असेल तर कुणीतरी घासलंय. मग स्क्रू बघा. मी कुठलीही जुनी वस्तू हातात आली की आधी स्क्रूच बघतो, खाचा फाटलेल्या म्हणजे चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने दहा जणांनी खोललेली, आत काय बदललंय देव जाणे. मनगटाशी, म्हणजे दस्ता जिथे बारीक होतो तिथे, तडा जातोच, तिथे वॉर्निश जरा जास्त दिसलं की समजायचं.

बाणाची खूण शोधायची. नुसता बाण म्हणजे सरकारी माल, बाणाखाली आय असेल तर हिंदुस्थानच्या फौजेचा, आणि दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारने तो माल फौजेतून काढून विकला. अशी बंदूक पुढे कुठे फिरली ते माहीत नाही, पण चोरीची नाही एवढं तरी कळतं.

आणखी एक गंमत, ही मला म्युझियममधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने सांगितली. मार्टिनीचं मूळ काडतूस मोठं, नळी .४५ इंचाची म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटर. पण पुढे बऱ्याच मार्टिनींना नवीन .३०३ इंचाची, म्हणजे थ्री नॉट थ्रीची नळी बसवली. बाहेरून सख्ख्या बहिणी. तिकडे कायदा असा की जुनं, बंद पडलेल्या काडतुसाचं हत्यार नुसतं शोभेला भिंतीवर लावायला लायसन लागत नाही, मार्टिनीचं मूळ काडतूस त्या यादीत आहे, .३०३ नाही. म्हणजे चुकीची बहीण घरी आणली तर दारात पोलीस. मी खिशात व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी घेऊनच फिरत होतो, सूनबाई हसायची, पण नळीच्या तोंडाला व्हर्निअर लावलं की ७.७ आहे का ११.४ हे दोन सेकंदात कळतं, कुणाला विचारावं लागत नाही.

शेवटच्या टेबलावर कोपऱ्यात एक काळी, ग्रीसने चिकट झालेली मार्टिनीसारखी रायफल पडली होती, कुणी हात लावत नव्हतं. चिठ्ठी होती "इंडिया, १९४९". मी म्हटलं १९४९ साली आपल्याकडे थ्री नॉट थ्री होती, ही कुठून आली, म्हणून उचलली आणि बघतो तर काय, नळीवर देवनागरी! आकडा १९४९ असाच, फक्त ९ जरा वेगळ्या वळणाचा. त्या माणसाला कुणीतरी आकडा वाचून दिला असणार आणि त्याने इसवी सन धरला. अहो तो विक्रम संवत, नेपाळचा. ५७ वजा करा, १८९२. ही नेपाळात बनलेली, तिला गहेंद्र म्हणतात, राणा पंतप्रधान वीर शमशेर यांचा मुलगा गहेंद्र शमशेर याच्या नावावरून. हाताने जुळवलेली, म्हणून एकीचा पार्ट दुसरीला बसत नाही. काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारात अशा हजारो बंदुका धूळ खात पडल्या होत्या, २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी उचलल्या आणि मग त्या जगभर पसरल्या. आणि बघा, तो १९४९ खरा धरला असता तर तिकडच्या कायद्याने ती अँटिकच ठरली नसती, कारण तिथे १ सप्टेंबर १९३९ च्या आधीचीच बनावट चालते. विकणाऱ्याला मी हे सांगितलं. मुलगा बाहेर येऊन म्हणाला बाबा आधी भाव करायचा होता, मग सांगायचं होतं. असो. साडेपाचशे पौंडाला मिळाली, नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा, स्वच्छ, तोंडाशी थोडी झीज, दस्त्याला एक जुनी खोच, घासलेली कुठेच नाही. आम्ही ती फक्त कापडाने पुसली आणि तेलाचा हलका हात दिला.

हे सगळं तिकडचं. आपल्याकडे कुणी असा विचार करत असेल तर आधी कायदा, मग हौस. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली जुन्या हत्याराची सूट ही नुसतं वय बघून मिळत नाही, ते हत्यार दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं असावं लागतं. शंभर वर्षांवरची वस्तू तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते, विकणाऱ्याला लायसन लागतं आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. "आजोबांची आहे हो, चालतं" असं कुणी म्हणालं तर पैसे देण्याआधी जिल्हाधिकारी नाहीतर पोलीस आयुक्त ऑफिसात लेखी विचारा.

राहिला तुमचा फोटो. भिंगाखाली धरला तर कळीच्या, म्हणजे घोडा-चापाच्या यंत्राच्या, पत्र्यावर "टॉवर" आणि १८५९ दिसतं. १८५९ ची बंदूक १८५७ मध्ये कशी लढेल? बरं, ५७ च्या मे महिन्यात बहुतेक शिपायांच्या हातात जुन्या बिनआट्याच्याच बंदुका होत्या, नवीन एनफिल्ड डमडम, अंबाला, सियालकोट इथे शिकवण्यापुरत्या नुकत्या आल्या होत्या. बंड मोडल्यावर इंग्रज असा घाबरला की हिंदी शिपायांसाठी मुद्दाम एनफिल्डच्याच रूपाची पण आत आटे नसलेली बंदूक काढली, लांबचा नेम लागू नये म्हणून. माझा अंदाज ही तीच. अस्सल एनफिल्डच्या नळीत तीन आटे आणि भोक साधारण १४.७ मिलिमीटर, हिचं साडेसोळाच्या आसपास भरलं आणि आत गुळगुळीत निघालं तर उत्तर मिळालं. ज्यांची ही बंदूक आहे त्या वाड्यातल्या कुटुंबाने नाराज होऊ नये, साहेब आपल्याला किती घाबरला होता त्याचा हा लोखंडी पुरावा आहे, माझ्या मते तर ५७ च्या बंदुकीपेक्षा हीच जास्त बोलते.

आपला,
एक निवृत्त फिटर, पिंपरी

ता. क. : पत्र सौ.ला वाचून दाखवलं तर म्हणाली हे सगळ्यात वर लिहायचं सोडून तुम्ही काय मार्टिनी घेऊन बसलात. फोटोत त्या वाड्यातल्या कुटुंबाचा नातू नळीच्या तोंडाला डोळा लावून उभा आहे. ठासणीच्या जुन्या बंदुकीत शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा बार तसाच ठासलेला सापडतो आणि ती दारू कोरडी असली तर आजही पेटते. नळीसमोर कुणी उभं न राहता गज हलक्या हाताने आत सोडायचा, तोंडाशी खूण करायची, बाहेर काढून नळीच्या बाजूने धरायचा. तो कळीच्या कानापर्यंत, म्हणजे बार पेटवणारी टोपी बसते तिथपर्यंत पोचला पाहिजे. दोन-तीन इंच अलीकडे थांबला तर आत काहीतरी आहे, मग स्वतः काही उकरत न बसता पोलिसांच्या आर्मररला, म्हणजे शस्त्रं सांभाळणाऱ्या कारागिराला बोलवायचं. त्या कुटुंबाचा नंबर तुमच्याकडे असेल, तर पत्र छापायची वाट न बघता आजच फोन करा.