साप सुटेल याची भीती सगळ्यांना, त्याला उकडेल याची कुणालाच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी पाथर्डी फाट्याला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धामण निघाली. एका सर्पमित्र पोराने पाच मिनिटात पकडली, पोरगं हुशार आहे यात वाद नाही, पण मग तिला प्लॅस्टिकच्या बरणीत टाकून बरणी ठेवली बाइकच्या काळ्या सीटवर, भर बाराच्या उन्हात, झाकणाला मोजून चार भोकं, आणि वीस मिनिटं सगळ्यांचे सेल्फी. मी म्हटलं अरे बाळा निदान सावलीत तरी ठेव, शिजेल ती आत. तर सगळे हसले. एक काका म्हणे, वहिनी, सापाला काय होतंय! म्हणून हे पत्र.

मी काही सर्पतज्ज्ञ वगैरे नाही, मला झुरळाची पण भीती वाटते. पण माझ्या मुलाकडे बॉल पायथन आहे, मूळ आफ्रिकेतला बिनविषारी साप, घाबरला की डोकं आत घेऊन गोळा होऊन बसतो म्हणून आम्ही त्याला लाडू म्हणतो. (कुणी बोलायच्या आत सांगते, नाग, धामण, आपला अजगर असलं काही घरात पाळता येत नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि लाडूसारख्या बाहेरच्या सापांचीही २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. ती केलेली आहे.)

मागच्या मे महिन्यात मुलाला नागपूरला नोकरी लागली आणि लाडूला गाडीतून न्यायचं ठरलं. सामानवाल्याने फोनवर साप हा शब्द ऐकूनच नाही म्हटलं. मग मुलाने जी तयारी केली ती बघून मला वाटलं माझ्या बाळंतपणात पण एवढी झाली नव्हती. आठ-दहा दिवस आधीपासून उंदीर बंद, कारण पोट भरलेला साप हलवला तर खाल्लेलं ओकून टाकतो. कात टाकायच्या बेतात असेल, म्हणजे डोळे दुधाळ दिसायला लागले असतील, तर जाणंच पुढे ढकलायचं म्हणे. माझा एक जुना सुती अभ्रा घेतला, उलटा केला, कारण आतल्या शिवणीचे सुटे धागे खवल्यात अडकतात, त्यात लाडूला सोडून तोंडाला घट्ट गाठ. तो अभ्रा थर्माकोलच्या खोक्यात, खोक्याला बाजूने भोकं, आत थर्मामीटरची वायर आणि काटा बाहेर. पाण्याचं भांडं आत नाही, गाडी हलली की सांडतं आणि साप ओला राहतो. खोका मागच्या सीटवर बेल्ट लावून, एसीचा झोत थेट येणार नाही असा. डिकीत अजिबात नाही.

पहाटे चारला निघालो, सिन्नरकडून गोंद्याला समृद्धी महामार्गावर चढलो, जालना गेलं तोवर सगळं छान, काटा २८ वर. मेहकरच्या पुढे साडेअकराला टायर गेलं. हे आणि मुलगा जॅक लावतायत, एसी बंद, बाहेर विदर्भाचं ऊन म्हणजे काय ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही, आणि मी खोका मांडीवर घेऊन ओव्हरब्रिजच्या सावलीत बसलेली. काटा २९, ३०, ३१. झाकण उघडून बघावंसं वाटत होतं पण मुलाने दम दिला होता, उघडलंस की बाहेरची गरम हवा आत जाईल. साप काही कुत्र्यासारखा धापा टाकून अंग गार करू शकत नाही, आजूबाजूला जेवढं तापेल तेवढा तोही तापतो, आणि पस्तीसच्या वर गेलं की त्याचं काही खरं नाही. तेवढ्यात पेट्रोलिंगवाला आला, काकू डब्यात काय, आइस्क्रीम का? सांगितल्यावर दोन पावलं मागे. आणि पहिला प्रश्न काय, तर, सुटला तर?

हेच मला म्हणायचंय. गाठ मारलेल्या अभ्र्यातून, बंद खोक्यातून तो सुटणार कुठे? पण पार्किंगमध्ये काचा बंद करून उभी केलेली गाडी अर्ध्या तासात भट्टी होते, जेवायला म्हणून आपण ढाब्यावर अर्धा-पाऊण तास बसतो, तेवढ्यात खेळ खलास. आम्ही आळीपाळीने जेवलो, एकजण एसी चालू ठेवून गाडीत. काटा ३२ ला थांबला, टायर लागलं, दुपारी नागपुरात पोचल्यावर लाडूला पाणी ठेवलं आणि दोन दिवस कुणी हात लावला नाही. आठवडाभराने त्याने उंदीर खाल्ला तेव्हा मुलाचा फोन आला, आई, जेवला गं.

आमच्याकडे थर्माकोल होता, एसी होता. त्या धामणीकडे बरणी होती. नाशकात सर्पमित्र भरपूर आहेत, रात्री-अपरात्री फुकट येतात, त्यांचे उपकारच आहेत, पण वनखात्याने त्यांच्या शिबिरात एवढं तरी सांगावं की बरणी नको, सुती पिशवी वापरा, आधी सावली बघा, मग फोटो. आणि आपण लोकांनी साप निघाला तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला पण कळवावं.

त्या पोराने आपला पेपर वाचला तर त्याच्यासाठी, दोन जुने सुती अभ्रे धुऊन सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवलेत, येऊन घेऊन जा.

एक वाचक,
पाथर्डी फाटा, नाशिक