गाळ काढायच्या फावड्यांची खरेदी : एक विनंती

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
सांगली

विषय : पूरसाहित्याच्या यादीतील ‘एर्गोनॉमिक फावडी, नग १२’ या नोंदीबाबत

स. न. वि. वि.

आपल्या सोसायटीच्या पावसाळ्याआधीच्या खरेदीची यादी सूचनाफलकावर वाचली. ‘एर्गोनॉमिक’ म्हणजे अंगाला कमी ताण देणारी. फावड्यांच्या नोंदीशेजारी जे चित्र चिकटवले आहे ते बर्फ उचलायच्या फावड्याचे आहे : प्लास्टिकचे रुंद सूप, वाकडा दांडा आणि टोकाला इंग्रजी डी अक्षरासारखी मूठ. तो माल मागवू नये, ही विनंती. वस्तू चांगली आहे, पण ती बर्फासाठी आहे आणि आपल्याला कृष्णेचा गाळ काढायचा आहे.

त्या सुपात साधारण १५ लिटर माल बसतो. ताजा भुसभुशीत बर्फ लिटरला जेमतेम १०० ग्रॅम भरतो, म्हणजे भरल्या सुपात दीड किलो. ओला गाळ लिटरला १७०० ग्रॅमच्या आसपास. तेच सूप गाळाने भरले तर २५ किलो होतात, आणि ते दांड्याच्या दुसऱ्या टोकाला धरून उचलायचे! आधी सुपाची कड चिरते, मग मूठ दांड्यातून सुटते. आणि हत्यार टिकलेच, तर कंबर धरते.

अमेरिकेत बेथलेहेम स्टील या पोलाद कारखान्याच्या आवारात अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी याचाच हिशेब मांडला होता. एका खेपेला सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो माल आला तर दिवसभरात सर्वाधिक काम होते, म्हणून जड खनिजाला लहान फावडे आणि हलक्या कोळशाला मोठे. अर्थात ती माणसे रोजची सरावलेली होती. कॅनडातील व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा केंद्राची शिफारस आपल्याला अधिक लागू पडते : मिनिटाला १५ खेपांच्या वेगाने काम असेल तर फावडे धरून एकूण वजन ५ ते ७ किलो, आणि रिकामे फावडे दीड किलोच्या आसपास. म्हणजे खेपेला गाळ चार-पाच किलो, फार तर अडीच-तीन लिटर. पाते त्या मापाचेच हवे. मोठे घेऊन ‘अर्धेच भरू’ असे ठरवले तरी कामाच्या भरात कोणी ते पाळत नाही.

आता कामाचा आवाका बघा. पार्किंगची ३,००० चौरस फूट जागा आणि चार इंच गाळ धरला तर १,००० घनफूट, म्हणजे जवळजवळ ४८ टन. चार किलोच्या खेपेने बारा हजार वेळा फावडे उचलायचे. हे कोणाच्याच कमरेला झेपणारे नाही, फावडे कितीही एर्गोनॉमिक असो. म्हणून खरेदीचा मुख्य भर उचलण्याच्या नव्हे, लोटण्याच्या हत्यारावर असावा. बर्फाच्या देशांतही बरेच काम लोटूनच होते. खळ्यावर धान्य ओढायला फळीला लांब दांडा बसवतात, तेच इथे करायचे : अडीच फूट लांब, आठ इंच उंच, पाऊण इंची वॉटरप्रूफ प्लायची फळी, खालच्या कडेला दोन बोल्ट-पट्ट्यांत आवळलेला जाड रबर आणि पाच फुटांचा दांडा. दांड्याला दोन्ही बाजूंनी तिरके टेकू द्यावेत, नाहीतर जोर लागताच फळी एका अंगाला फिरते. हे काम कोणताही सुतार अर्ध्या दिवसात करून देईल.

लोटण्याची वेळ मात्र चुकवू नये. पाणी घोट्याएवढे असते तेव्हाच गाळ सैल असतो आणि ओसरत्या पाण्याबरोबर फाटकाकडे जातो. आपल्याकडची काळी माती दोन उन्हे लागली की आधी लाद्यांना चिकटते, मग भेगा पडून कडक होते. तेव्हा फळी चालत नाही, खोरेच लागते. लोटण्याआधी ड्रेनेजच्या चेंबरवर गोणपाट आणि वर लादी ठेवावी. गाळ एकदा पाइपात बसला की ते काम फावड्याचे राहत नाही. आणि वीज कंपनीचा माणूस मीटर बघून जाईपर्यंत पार्किंगमध्ये कोणी उतरू नये. लोखंडी पाइपचा दांडा मी यादीत धरत नाही, त्यामागेही हे एक कारण आहेच. शिवाय तो जड असतो आणि चिखलाच्या हाताला निसटतो.

उरलेला गाळ उचलायला चौकोनी, सपाट पोलादी पाते घ्यावे, रुंदी साडेनऊ-दहा इंचांपर्यंत. गोल टोकाचे पाते लादीवर एका बिंदूवर टेकते आणि दोन्ही बाजूंना गाळ सोडत जाते. दांडा सरळ आणि लांब असावा. फावडे उभे धरले तर टोक खांदा ते हनुवटीच्या दरम्यान यावे. आपल्या हार्डवेअर दुकानातल्या खोऱ्याचा दांडा अडीच फुटांचा, तो वाकून खणण्यासाठीच असतो. पार्किंग खरवडायला त्याच खोऱ्याला चार फुटांचा दांडा घातला की पाठ बरीच सरळ राहते.

वाकडा दांडा मात्र टाकाऊ नाही. त्याने खालचा हात फार खाली न्यावा लागत नाही आणि पाठ कमी वाकते. पण जड, चिकट माल एका कडेला आला की असा दांडा हातात फिरतो आणि मनगट पिळवटते. हाच फायदा सरळ दांड्यावर दुसरी मूठ बसवून मिळतो. पात्यापासून दीड फुटावर क्लँपने आवळायची मूठ मिळते. क्लँपखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी द्यावी, नाहीतर ओल्या दांड्यावर ती सरकते, आणि सरकते ती नेमकी भरले फावडे वर येत असताना.

दांड्याचे लाकूड बाभळीचे किंवा भरीव बांबूचे. निवडताना रेषा बघाव्यात. त्या टोकापासून टोकापर्यंत दांड्याबरोबर गेल्या पाहिजेत. मध्येच तिरक्या बाहेर पडत असतील तर दांडा तिथेच मोडणार. पात्याजवळच्या एका फुटात गाठ नको. दुकानात रंग दिलेले दांडे मिळतात, ते घेऊ नयेत. रंगाखाली काय आहे ते दिसत नाही आणि तळहाताला फोडही लवकर येतात. कोरा दांडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून जवसाचे तेल दोन-तीन हात द्यावे, प्रत्येक हात मुरू द्यावा. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत.

नेढ्यात, म्हणजे पात्याच्या भोकात, दांडा सैल झाला की खोरे रात्रभर बादलीत ठेवायची आपली जुनी सवय आहे. लाकूड फुगते आणि घट्ट बसल्यासारखे वाटते, पण फुगताना लोखंडावर दाबून लाकडाचे तंतू चेपतात; वाळल्यावर दांडा पहिल्यापेक्षा जास्त हलतो. कोरड्या लाकडाची पाचर ठोकावी. नुसता खिळा मारला तर दांडा उभा चिरतो.

वापरानंतर धुताना पात्यामागच्या खोबणीत काडी घालून चिखल काढावा, कारण लोखंड आतून गंजते आणि लाकूडही तिथेच कुजते. सावलीत वाळवून पात्याला तेलाचा हात. कड बोथट झाली असेल तर कानशीने एकाच बाजूने, एकाच दिशेने. बर्फ चिकटू नये म्हणून पात्याला मेण लावतात. गाळातल्या रेतीने ते लगेच खरवडून जाईल. आपण शेजारी पाण्याची बादली ठेवावी आणि चार-पाच खेपांनी पाते बुडवावे.

काम करणाऱ्यांना गमबूट आणि रबरी हातमोजे द्यावेत. लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, भीती पुराच्या चिखलात असतेच. गाळ ट्रॉलीत थेट फेकू नये, ती उंची कमरेच्या वर जाते. फाटकाजवळ ढीग करावा, मशीन मिळेल तेव्हा भरेल. भरले फावडे घेऊन कंबर न पिरगळता पाय वळवावेत. हृदयविकाराच्या सभासदांनी फावडे धरू नये. थंड देशांत बर्फ उपसताना झटके येतात ते काही केवळ थंडीने नव्हे; एकदम पडणारा ताण हेही कारण असते.

बारा नगांऐवजी लोटायच्या फळ्या ५, चौकोनी फावडी ४, लांब दांड्याची खोरी ३, दुसऱ्या मुठी ४ आणि सुटे दांडे ४ असे घ्यावे, आणि मे महिन्यातच घ्यावे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. अशा वेळी हरभट रोड, मारुती रोडची दुकानेच पाण्यात असतात, दांडा आणायचा कुठून?

शेवटचे म्हणजे, यादीत साठवणीची जागा ‘पार्किंगमधील स्टोअर रूम’ अशी लिहिली आहे. ती पहिल्या दिवशीच बुडते. फावडी गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये, पाती वर करून भिंतीला टांगावीत आणि गच्चीची एक किल्ली वॉचमनकडे द्यावी.

आपला,
बी विंगमधील एक सभासद