बायकोच्या सुडाला परवाना नव्हता

संपादक महोदय,

बायकोच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला सामुराई पडद्यावर नेहमीच दिसतो. जपानच्या एदो काळातल्या (१६०३–१८६८) कायद्यात मात्र त्याला जागाच नव्हती. तिथे सूडासाठी, म्हणजे ‘काताकिउची’साठी, रीतसर परवानगी लागे. आधी आपल्या सरदाराला कळवायचं, मग शासनाच्या वहीत नाव चढवून घ्यायचं आणि मगच मारेकऱ्याच्या मागावर निघायचं. (सुडालासुद्धा सरकारी खेटे!) शिवाय सूड फक्त वडीलधाऱ्यांच्या खुनाचा: बाप, थोरला भाऊ, धनी. बायको, मुलं, धाकटी भावंडं ‘खालची’, त्यांच्यासाठी सहसा परवानगी नाहीच. मारल्या गेलेल्या बायकोच्या नवऱ्याने काय करायचं, हा प्रश्न कुणाला पडलाच नसावा.

गाजलेल्या ४७ रोनिननी, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईंनी, तर धन्याचा सूड घेतला होता. १७०३ साली त्यांनी धन्याच्या मरणाला कारणीभूत ठरलेल्या किरा या अधिकाऱ्याचं मुंडकं सेंगाकुजी मंदिराच्या विहिरीवर धुतलं आणि धन्याच्या थडग्यापुढे ठेवलं. पण परवानगी नव्हती, म्हणून त्यांच्यातल्या ४६ जणांना सेप्पुकूची, म्हणजे स्वतःचं पोट चिरून मरण्याची, शिक्षा झाली. ती विहीर आजही दाखवतात. काताकिउचीवर बंदी आली ती थेट १८७३ मध्ये.

– एक वाचक