उत्तर देताना आधीचा मजकूर छाटायला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एखाद्या लेखावर कोणी लिहिते तेव्हा लेखाचे शीर्षक आणि तारीख देते, कोणत्या विधानाबद्दल बोलायचे आहे ते एका ओळीत सांगते आणि लगेच आपल्या म्हणण्याकडे वळते. अख्खा लेख पुन्हा उतरवून त्याखाली ‘सहमत आहे’ एवढेच लिहिलेले पत्र आपण छापणार नाही. ईमेलवर चालणाऱ्या चर्चासमूहांत मात्र नेमके असेच मेल रोज येतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. त्याबद्दल लिहायचे आहे. थोडी जागा द्यावी, ही विनंती.

मी जन्मापासून अंध आहे. मेल मी ऐकते. संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा जो कार्यक्रम असतो, त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. मी एनव्हीडीए वापरते, तो २००६ पासून विकसित होत आला आहे आणि मोफत मिळतो. बुद्धिबळ हा माझा जुना नाद. अंधांच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला भोक असते आणि मोहऱ्यांना खाली खुंटी असते, म्हणजे चाचपताना काही हलत नाही. एका बाजूच्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बारीक टोक असते, त्यावरून रंग कळतो. हे सांगण्याचे कारण असे, की आमच्या बुद्धिबळाच्या ईमेल चर्चासमूहातला मेल ऐकताना माझे दोन्ही हात पटावर असतात. एकेक चाल कानावर पडते तशी मी मोहरा हलवते. प्रत्येक वेळी कळफलकाकडे हात न्यावा लागला तर पटावरची जागा हातून सुटते.

आता आमच्या समूहात काय होते ते सांगते. एक सभासद आपला पूर्ण डाव टिप्पणीसह पाठवतो. चाळीसेक चाली, मध्ये मध्ये पर्यायी चाली, शेवटी आपले विवेचन. दुसरा विचारतो, ‘१४व्या चालीला काळ्याने घोडा घेतला नसता तर?’ हा प्रश्न तो सगळ्या डावाच्या तळाशी लिहितो. तिसरा रिप्लाय दाबतो आणि सगळ्यांच्या वर लिहितो, ‘तरी हरलाच असता.’ चौथा डावाच्या मध्येच कुठेतरी आपले दोन शब्द घालतो आणि वरचा-खालचा सगळा मजकूर तसाच ठेवतो. मी डायजेस्ट घेते, म्हणजे दिवसभराचे सगळे मेल मला एकत्र एकाच मेलमध्ये मिळतात. त्यात तोच डाव पहिल्या चालीपासून शेवटच्या चालीपर्यंत चार वेळा येतो. नवीन मजकूर म्हणावा तर तीन वाक्यांचा.

डोळ्यांनी वाचणाऱ्याला याची झळ फारशी लागत नाही. नजर एका झटक्यात खाली घसरते आणि नवी ओळ दिसली की थांबते. कानाला असे घसरता येत नाही. जुन्या मजकुराच्या प्रत्येक ओळीआधी > हे चिन्ह असते, ते स्क्रीन रीडर ‘ग्रेटर’ असे वाचतो. उत्तराचे उत्तर असेल तर ‘ग्रेटर ग्रेटर’, त्याचेही उत्तर असेल तर तीनदा. लांब ओळी ठरावीक रुंदीला मोडतात, मग एक पूर्ण ओळ, पुढे दोनच शब्दांची ओळ, पुन्हा पूर्ण ओळ अशी चिंधडी होते आणि प्रत्येक तुटीवर आवाज अडखळतो. ‘हत्ती’ एका ओळीत आणि तो ज्या घरात जातो ते ‘डी आठ’ दुसऱ्या ओळीत, मधे पुन्हा ‘ग्रेटर ग्रेटर’. या चिन्हाचा उच्चार बंद करता येतो, हे मला ठाऊक आहे. पण तो बंद केला की कोणते वाक्य कोणाचे, हे सांगणारी एकमेव खूणही गेली.

‘मग पुढे उडी मारा ना,’ असे मला समूहातल्या भल्या माणसांनी सुचवले आहे. सूचना मनापासूनची होती, म्हणून तिचे नीट उत्तर देते. मेल वेबपानासारखा सजवलेला असेल आणि जुना मजकूर त्यात अवतरण म्हणून नीट चिन्हांकित असेल, तर एनव्हीडीएमध्ये एक कळ दाबून त्या अवतरणापाशी जाता येते आणि दुसरीने त्याच्या शेवटाला. साध्या मजकुराच्या मेलमध्ये, आणि आमचे डायजेस्ट साध्या मजकुराचेच असते, > ही नुसती खूण असते, तिच्यावरून उडी मारण्याची सोय नसते. पण समजा, आहे सोय. चौथ्या सभासदाने आपले दोन शब्द डावाच्या मध्ये घातले आहेत, हे मला ऐकल्याशिवाय कसे कळणार? उडी मारली तर नेमके तेच हुकते. समूहात एक जण जरी न छाटता मध्ये लिहिणारा असेल, तरी मला प्रत्येकाचा प्रत्येक मेल पूर्ण ऐकावा लागतो.

छाटलेले उत्तर कसे असते, ते इथेच दाखवते (त्यात ‘कॅसल’ म्हणजे एकाच चालीत राजा बाजूला नेऊन हत्ती त्याच्या शेजारी आणणे आणि ‘फाइल’ म्हणजे पटावरच्या घरांची उभी रांग):

> १४व्या चालीला काळ्याने घोडा घेतला नसता तर?
तरी काळ्याचा राजा मध्येच अडकला होता. पांढऱ्याचा हत्ती ई फाइलवर आला की कॅसल करायला वेळ उरत नाही.

> मग १२व्या चालीलाच कॅसल करायला हवे होते का?
हो, माझ्या मते डाव तिथेच निसटला.

एक प्रश्न, त्याखाली त्याचे उत्तर. दुसरा प्रश्न, त्याखाली दुसरे उत्तर. ऐकताना दोन माणसे समोरासमोर बोलत असल्यासारखे वाटते. ‘तरी हरलाच असता’ हे वाक्य एवढ्या मोठ्या डावाच्या वर एकटे टांगलेले असते तेव्हा ते कोणत्या चालीबद्दल आहे, हे डोळस सभासदांनाही कळत नाही. आमच्याकडे त्यावरून खरोखर वाद झाले आहेत. एक जण १४व्या चालीबद्दल बोलत होता, दुसरा २१व्या, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. कोणती ओळ ठेवायची हे ठरवताना आपण कशाला उत्तर देतो आहोत, हे लिहिणाऱ्याला आधी स्वतःशी ठरवावे लागते. मला तर वाटते, उत्तराचे निम्मे काम तिथेच होते.

ही काही माझी एकटीची मागणी नाही. यूजनेट नावाचे चर्चांचे जाळे १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून निघाले आणि १९८० मध्ये चालू झाले. जुन्या मजकुराच्या ढिगाऱ्याचा त्रास तिथेही होताच. तिथल्या काही कार्यक्रमांत तर अशी अट होती, की नव्या मजकुरापेक्षा जुना मजकूर जास्त असेल तर तो संदेश स्वीकारलाच जायचा नाही. लोकांनी यावर वाट काढली. कोणी खाली निरर्थक ओळी भरल्या, कोणी > ऐवजी दुसरेच चिन्ह वापरले. पुढे ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ हा इंटरनेटवरच्या शिष्टाचाराचा दस्तऐवज निघाला. उत्तर देताना एकतर मूळ म्हणण्याचा गोषवारा वर द्यावा, नाहीतर संदर्भ कळण्यापुरताच मूळ मजकूर ठेवावा, असे त्यात सांगितले आहे. सहीचा मजकूर चार ओळींच्या आत ठेवावा, असेही त्यात आहे. तेव्हा जोडण्या संथ होत्या आणि साठवणही महाग होती, म्हणून हा नियम आला असे काही जण म्हणतात. ते कारण होतेच. पण संदर्भ कळण्यापुरता मजकूर ठेवा, यात वाचणाऱ्याची सोयही आहे आणि ती जोडण्या वेगवान झाल्याने बदललेली नाही.

बदलले ते वेगळेच. आजच्या बऱ्याच मेलसेवा उत्तर लिहिताना जुना मजकूर तीन टिंबांमागे झाकून ठेवतात. लिहिणाऱ्याला फोनवर कोरी जागा दिसते. तो तिथे ‘छान!’ लिहितो आणि पाठवतो. आपण आणखी काही पाठवतो आहोत, याचा त्याला पत्ताच नसतो. तिकडे डायजेस्ट तयार होताना ती टिंबे उरत नाहीत, सगळे उघडे होऊन माझ्यापर्यंत येते. म्हणून मी कोणावर रागावत नाही. न दिसलेली गोष्ट कोण छाटणार? पण आता हे पत्र वाचणाऱ्यांनी पुढच्या वेळी त्या तीन टिंबांना एकदा स्पर्श करून आत काय आहे ते पाहावे. त्यांनाही धक्का बसेल.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे डायजेस्टलाच उत्तर देणे. विषयाच्या जागी ‘डायजेस्ट, अंक अमुक’ असेच राहते आणि खाली दिवसभराचे सगळे मेल. विषय बदलावा आणि ज्या मेलबद्दल बोलायचे तेवढाच ठेवावा, इतके तरी समूह चालवणाऱ्या नियंत्रकांनी सक्तीचे करावे.

छाटण्याबद्दल एक आक्षेप मी गंभीरपणे घेते: छाटल्याने अर्थ बदलतो. बदलू शकतो, म्हणून छाटणे जबाबदारीने करायला हवे. ‘राजा सुरक्षित असेल तर हा बळी बरोबर आहे’ यातला पहिला भाग उडवून ‘हा बळी बरोबर आहे’ एवढेच ठेवणे हा अन्याय आहे. ‘कदाचित’, ‘मला वाटते’, ‘असे असेल तर’ हे शब्द बोलणाऱ्याच्या मताचाच भाग असतात. ज्याचे खंडन करायचे त्याचे म्हणणे आधी त्याला मान्य होईल असे मांडायचे, ही पूर्वपक्षाची रीत आपल्याकडे वादविवादात मानली गेली आहे, तीच इथेही लागू आहे. वाक्याच्या मधले काही गाळले तर तिथे तीन टिंबे द्यावीत. दुसऱ्याच्या वाक्यात आपले शब्द घालू नयेत, शुद्धलेखनही सुधारू नये. आणि ‘अमुक यांनी लिहिले’ ही ओळ जपून हाताळावी. तीन जणांच्या बोलण्यातले दोघांचे काढून टाकले, पण नावांच्या ओळी तशाच राहिल्या, तर उरलेले वाक्य भलत्याच माणसाच्या नावावर चढते. ऐकणाऱ्याला ही चूक पकडण्याचा काही मार्ग नसतो.

आणखी एक बाब आहे, तिचा विचार फार कमी होतो. मेलच्या शेवटी लोक आपला दूरध्वनी क्रमांक, पत्ता घालतात. कधी एखादा सभासद आपण खेळायला का येऊ शकत नाही, हे सांगताना आजारपणाचेही लिहून जातो. नंतर त्याला ते नको वाटते. नियंत्रक मूळ मेल समूहाच्या जुन्या मेलच्या संग्रहातून काढून टाकतात. पण तोवर तो मजकूर इतरांच्या उत्तरांत जसाच्या तसा शिरलेला असतो. संग्रह सर्वांसाठी खुला असेल तर शोधयंत्रातूनही सापडतो. आमच्या समूहात हे घडले आहे आणि त्या व्यक्तीला झालेला मनस्ताप मला माहीत आहे. सहीच्या वर एका ओळीत दोन छोट्या आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा एवढेच लिहिले, तर बरेच मेल कार्यक्रम उत्तर देताना त्याखालची सही आपोआप गाळतात. जुनी, सोपी युक्ती आहे.

कार्यालयीन पत्रव्यवहाराची गोष्ट निराळी. तिथे प्रकरणात मध्येच नवा माणूस येतो आणि त्याला मागची सगळी साखळी लागते. चर्चासमूहात प्रत्येकाकडे मूळ मेल आलेला असतो, संग्रहही असतो, आणि कोणता मेल कोणाचे उत्तर आहे याची नोंद मेलच्या शीर्षभागात कार्यक्रम स्वतःच ठेवतात.

साधनेही आता मदत करतात. थंडरबर्ड या मेल कार्यक्रमात हवे तेवढेच वाक्य आधी निवडून मग रिप्लाय दाबले, तर उत्तरात तेवढेच वाक्य येते. टेलिग्रामवर २०२३ पासून संदेशाचा निवडलेला भागच उद्धृत करता येतो. बाकी ठिकाणी निवडायचे आणि पुसायचे, एवढेच काम आहे.

आपल्या वृत्तपत्रात तंत्रज्ञानाविषयी लेखन येत असतेच. त्यात एकदा फोनवरून उत्तर देताना जुना मजकूर कसा उघडायचा, कसा निवडायचा आणि कसा काढायचा, हे चित्रांसह द्यावे. चित्राशेजारी तेच शब्दांतही लिहावे, म्हणजे ऐकणाऱ्यांनाही ते वापरता येईल. आमच्या समूहाच्या नियंत्रकांना मी तो लेख नव्या सभासदांच्या स्वागताच्या मेलमध्ये जोडायला सांगेन.

कळावे,
आपली एक नियमित वाचक