ताई, तुमची नाडी मोजू दिलीत म्हणून

प्रिय ताई,

तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि साताऱ्यात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. तोंडावर आभार मानायला गेलं की "काकू, चहा घेणार का?" म्हणून तुम्ही विषय बदलता. पत्रात तसं करता येणार नाही तुम्हाला.

ह्यांना अटॅक आला तेव्हा आम्ही वेळेत पोचलो, स्टेंट टाकला, जीव वाचला. ज्यांनी वाचवला त्यांचे उपकार जन्मभर राहतील. पण घरी सोडताना जे झालं ते अजून खुपतं. गोळ्यांची पिशवी, बिलांची फाइल आणि "आराम करा, दगदग नको, जिने टाळा." चालायचं किती, असं मी विचारलं, तर "झेपेल तेवढं." मान वर करूनही बघितलं नाही. अहो, झेपतं किती हेच तर आम्हाला कळत नव्हतं! दुसऱ्या एका ठिकाणी विचारलं तर छापील कागद हातात आला, तोही इंग्रजीत.

उभा जन्म एसटीचं स्टिअरिंग धरलेला हा माणूस. खंबाटकी, पसरणी, रात्री-अपरात्री, पावसापाण्यात. तो पलंगावरून उठेना. न्हाणीपर्यंत जाऊन आले तरी हात छातीवर. जरा धडधडलं की चेहरा उतरायचा, "आला बघ परत." भेटायला येणारे त्यात भर घालायचे, "भाऊ, तुम्ही उठूच नका." रात्री मला झोप लागायची नाही. ह्यांचा श्वास ऐकत पडून राहायचे.

मग कोणीतरी तुमचं नाव सुचवलं. फिजिओथेरपी म्हणजे गुडघे आणि कंबर, एवढंच आम्हाला माहीत. तुम्ही सगळे रिपोर्ट बघितलेत, डॉक्टरांशी बोललात, ते सगळं सांगत बसत नाही. पहिल्या दिवशी तुम्ही ह्यांना जिन्याजवळ नेलंत आणि हे तिथेच थिजले. "नको मॅडम, धडधडतं." चेहऱ्यावर घाम.

कोणीही म्हणालं असतं, घाबरू नका. तुम्ही तसं काहीच म्हणाला नाहीत. चपला काढल्यात, ओढणी खोचलीत आणि दोन मजले पळत वर गेलात, पळत खाली आलात. धापा टाकत ह्यांच्यासमोर स्टुलावर बसलात आणि मनगट पुढे केलंत. "मोजा काका. अंगठा नको, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. ही दोन बोटं ठेवा." ह्यांनी घड्याळ बघत पंधरा सेकंद मोजले. चौतीस. "म्हणजे मिनिटाला १३६. मला अटॅक आलाय का?" हे काहीच बोलले नाहीत. तुम्ही हात तसाच ठेवलात. एका मिनिटाने म्हणालात, "आता परत मोजा." पंचवीस भरले. "उतरली ना? पाय रक्त मागतात म्हणून हृदय पळतं, पाय थांबले की शांत होतं. तुमचंही तेच करतंय. धडधडणं हे त्याचं कामच आहे."

ताई, त्या क्षणी ह्यांचा चेहरा मी बघत होते. अटॅक आल्यापासून आपलं हृदय म्हणजे कधी दगा देईल सांगता येत नाही असं काहीतरी, असंच ह्यांच्या डोक्यात बसलं होतं. दुसऱ्या निरोगी, तरुण माणसाच्या मनगटात तीच धडधड बोटांना लागली आणि खांदे खाली आले. मग हे उठले आणि पाच पायऱ्या चढले. तुम्ही मागून, हात न लावता.

पुढे तुम्ही सांगत गेलात आणि आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे ऐकत गेलो. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं, म्हणजे अंगातलं जवळपास सगळंच. निरोगी माणूस जोरात पळाला की तेच वीस लिटरपर्यंत जातं. बसलेलं असताना स्नायूंच्या वाट्याला त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा येतो, पळताना मात्र बहुतेक रक्त स्नायूंकडेच वळतं आणि पोट, मूत्रपिंडं तेवढा वेळ कमीवर भागवतात. जेवल्याबरोबर चालायला जाऊ नका असं तुम्ही का बजावता, ते तेव्हा कळलं. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या उसंतीत. ठोके फार वाढले की ती उसंतच आखडते, म्हणून ह्यांनी चढायचं, पण ओढून-ताणून नाही. आणि सवय झाली की एकेका ठोक्यात जास्त रक्त जातं, पायाचे स्नायूही आलेल्या रक्तातला ऑक्सिजन नीट वापरतात, मग तोच जिना चढायला हृदयाला कमी राबावं लागतं. एवढं साधं आणि एवढं मोठं. हे आम्हाला घरी सोडताना कोणी पाच मिनिटं बसून सांगितलं असतं तर?

एकदम का थांबायचं नाही, हेही तुम्ही दाखवलंत. चालताना पोटऱ्या शिरा दाबतात आणि आतल्या झडपांमुळे रक्त वरच सरकतं. पाय थबकले की ते खालीच साठतं आणि भोवळ येते. ह्यांनी लगेच ओळखलं, "म्हणजे घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, तसं." त्या दिवशी किती दिवसांनी ह्यांच्या तोंडून गाडीचा विषय निघाला!

आणि तुम्ही ते लंडनच्या बसवाल्यांचं सांगितलंत, ते तर आमच्या घरी आता पाहुण्यारावळ्यांनाही पाठ झालंय. डॉक्टर जेरी मॉरिस यांनी १९५३ साली मांडलं की डबलडेकरच्या बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा दिवसभर जिना चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. हे म्हणाले, "मग आमचं नशीबच तसं." तेव्हा तुम्ही पुढचंही सांगितलंत, की त्याच मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर युनिफॉर्मची मापं काढली आणि ड्रायव्हरांच्या पँटी मुळातच कमरेला मोठ्या निघाल्या. म्हणजे सगळं श्रेय जिन्यालाच देता येत नाही. हे तुम्ही लपवलं नाहीत, हे मला फार आवडलं. पेशंटला उभारी द्यायची म्हणून अर्धंच सांगणारे खूप भेटले.

अमेरिकेतल्या डॅलसच्या प्रयोगाचंही तसंच. १९६६ साली पाच तरुण, धडधाकट मुलांना तीन आठवडे नुसतं अंथरुणावर ठेवलं. तीस वर्षांनी तीच माणसं तपासली, तर पन्नाशीतही त्यांची ताकद त्या तीन आठवड्यांनंतर होती तेवढी खाली गेलेली नव्हती. ते ऐकलं आणि "आराम करा" म्हणणाऱ्यांचा मला इतका राग आला, ताई. आराम हवाच, पण किती आणि कधीपर्यंत, हे सांगायची जबाबदारी कोणाची?

ह्यांच्या गोळीने ठोके फार वर चढत नाहीत, त्यामुळे ठोके किती वाढू द्यायचे याचा वयावरून काढतात तो आकडा इथे चालत नाही, हे तुम्ही समजावलंत. चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येता कामा नये, एवढीच खूण दिलीत. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागलो की मी मुद्दाम काहीबाही विचारत राहते. हे उत्तर देतात, कधी वैतागून देतात, पण सलग देतात.

शिकलेली, हुशार माणसं पुष्कळ असतात. समोरच्याची भीती खरी मानणारी थोडी. तुमच्याकडे त्या दिवशी बाहेर आणखी पेशंट ताटकळत होते, मी बघितलं होतं. तरी तुम्ही ते एक मिनिट हात तसाच ठेवलात. त्याचं बिल लागत नाही, त्याची फाइलमध्ये नोंद होत नाही, आणि आमचं घर त्यावर परत उभं राहिलं.

एक विनंती आहे. ह्यांच्या गाडीवर बरीच वर्षं कंडक्टर असलेले एक भाऊजी आहेत. त्यांनाही परवा स्टेंट टाकला. कंडक्टर असूनही. सध्या खाटेवरून हलत नाहीत, सुनेने उठवलं तरी रडतात. त्यांच्या डॉक्टरांनी होकार दिला की हे स्वतः त्यांना तुमच्याकडे घेऊन येणार आहेत. त्यांना ऐकायला कमी येतं, तेवढं जरा मोठ्याने बोला.

तुमची,
काकू